डॅकचं किट जोडताना: आधी मीटर, मग चिप

जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडी फिरत होती. बोर्डावर डॅकच्या, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल बनवणाऱ्या, चिपचं सॉकेट अजून रिकामं होतं. त्याच्या दोन नंबरच्या पायाला मीटरचं लाल टोक टेकवलं आणि स्क्रीनवर ४४.१० किलोहर्ट्झ आलं. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनलचे ४४,१०० नमुने असतात हे कितीदा वाचलं होतं. त्या रात्री ते माझ्या टेबलावर, साध्या मल्टिमीटरवर दिसलं.

डॅकचं किट जोडायचं ते यासाठी. तयार डॅक सहज मिळतो, आणि आजची स्वस्तातली चिपसुद्धा मोजमापात मी इथे सांगतोय त्या जुन्या चिपच्या पुढे आहे. पण तयार डबा उघडून पाहिला तर आत मुंगीएवढे भाग असतात; कुठे काय चाललंय ते कळत नाही. किटमध्ये प्रत्येक टप्प्यावर मीटर लावता येतं, आकडा तपासता येतो, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते सापडतं. या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मीटरवर बरोबर आकडा आल्याशिवाय चिप सॉकेटमध्ये बसवायची नाही.

कोणतं किट घ्यावं

पहिल्यांदा जोडणाऱ्याने मोठ्या पायांच्या, सॉकेटमध्ये बसणाऱ्या चिपचं किट घ्यावं. माझ्या पसंतीची जोडी म्हणजे सीएस ८४१२ आणि टीडीए १५४३. पहिली चिप २८ पायांची. कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल वायरीतून आलेला डिजिटल सिग्नल ती पकडते आणि त्यातून घड्याळ, डावं-उजवं आणि आकडे वेगळे काढते. दुसरी फिलिप्सची, फक्त आठ पायांची. तेच आकडे घेऊन ती त्या प्रमाणात करंट बाहेर सोडते. तो करंट एका साध्या रेझिस्टरमधून गेला की त्याचा व्होल्टेज होतो, आणि तो व्होल्टेज म्हणजे आपलं गाणं.

दोन्ही चिप जुन्या आहेत, त्यामुळे बाजारात वापरून काढलेल्या चिपही फिरतात. पायांवर जुन्या सोल्डरचा थर दिसला किंवा वरची छपाई बोटाने पुसली गेली तर ती चिप घेऊ नका. आणखी एक काळजी घ्या. टीडीए १५४३ आणि टीडीए १५४३ए या दोन वेगळ्या चिप आहेत. शेवटचा ‘ए’ असलेली चिप आकडे वेगळ्या मांडणीत मागते. ती या बोर्डात बसते, पण गाणं नीट वाजत नाही.

अशा किटांना ‘नॉन-ओव्हरसॅम्पलिंग’, म्हणजे नमुने न वाढवता वाजवणारी, म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटांची चिप होती आणि तिच्या आधी नमुने चौपट करणारा डिजिटल फिल्टर होता. पुढे १९९०च्या दशकात जपानमधल्या रियोहेई कुसुनोकी यांनी तो फिल्टर काढूनच टाकावा अशी मांडणी केली आणि हौशी लोकांनी ती उचलून धरली. यात भाग कमी लागतात, म्हणून शिकायला हे सर्किट उत्तम. त्याची किंमतही सांगतो. फिल्टर नसल्यामुळे २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३.२ डेसिबलने उतरतो. टिपेच्या झांजा थोड्या मऊ वाटतात. तानपुरा आणि गळ्याचा आवाज मला यात फार आवडतो, पण हा माझ्या कानांचा कौल आहे, मोजमापाचा नव्हे.

मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. टीडीए १५४३ सोळा बिटांची आहे आणि सीएस ८४१२ जेमतेम ४८ किलोहर्ट्झपर्यंत जाते. ९६ किलोहर्ट्झच्या फाइल वाजवायच्या असतील तर हे किट तुमच्यासाठी नाही.

ट्रान्सफॉर्मर, आणि माझी चूक

किटमध्ये साधारणपणे ट्रान्सफॉर्मर, कॅबिनेट, मेनची वायर आणि फ्यूज नसतो. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरकडे मात्र नीट लक्ष द्या.

बऱ्याच बोर्डांवर दोन वेगळे पुरवठे असतात, एक रिसीव्हर चिपसाठी (सीएस ८४१२) आणि एक डॅकसाठी (टीडीए १५४३). प्रत्येकाचा स्वतंत्र ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) असतो आणि पुढे दोघांचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू, एक होतो. अशा बोर्डाला दोन सुट्या सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर वीज देणाऱ्या गुंडाळ्या, लागतात: ०-९ आणि ०-९, म्हणजे चार वायरी. दुकानात सहज मिळतो तो ९-०-९, तीन वायरींचा. काउंटरवर मला सांगण्यात आलं की दोन्ही एकच, मधली वायर दोन्हीकडे जोडा. मीही पुढे विचार केला नाही.

मेनच्या वायरीत सिरीजला लावलेल्या साध्या बल्बमधून बोर्डाला वीज दिली. बल्ब पेटून राहिला नाही, म्हणजे शॉर्ट नव्हता. मग रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आधीच्या कपॅसिटरवर मीटर लावलं. अपेक्षा १२ ते १४ व्होल्टची होती, आकडा आला २६. कपॅसिटरवर छापलं होतं १६ व्होल्ट. लगेच प्लग ओढला. झालं होतं असं की दोन्ही ब्रिजचा ग्राउंड एकच असल्यामुळे करंट मधल्या वायरीतून परतण्याऐवजी दुसऱ्या टोकाच्या वायरीतून परतत होता. त्यामुळे प्रत्येक पुरवठ्याला ९ ऐवजी पूर्ण १८ व्होल्ट एसी मिळत होते. थोडा वेळ तसंच राहिलं असतं तर कपॅसिटर फुगून फुटले असते.

त्या वेळी चिप डबीत होत्या, म्हणून वाचल्या. कपॅसिटर मात्र मी सगळे बदलले. रेटिंगच्या वर ताणलेल्या कपॅसिटरवर पुढे भरवसा ठेवू नये.

तेव्हा दुकानात स्पष्ट मागा: “दोन सेपरेट सेकंडरी, नऊ व्होल्ट, प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर.” घरी आल्यावर वीज न देता मीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा. दोन सेकंडरी एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसाव्यात. तुमच्या बोर्डावर एकच ब्रिज असेल तर हा प्रश्नच येत नाही, एक नऊ व्होल्टची सेकंडरी पुरते.

सोल्डरिंगची तयारी

तापमान कमीजास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न असेल तर ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. सोल्डर ६३/३७चं, आत रोझिन असलेलं, पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचं घ्या. ते १८३ अंशांना वितळतं आणि पटकन घट्ट होतं, त्यामुळे ड्राय सोल्डर, म्हणजे दिसायला लागलेला पण न धरलेला जोड, होण्याची शक्यता कमी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सुटे भाग महिनाभर पडून राहिले तर पाय काळपट होतात. तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच लावा.

पद्धत एकच आहे. टोक पॅड आणि पाय या दोघांना एकदम टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं, मग सोल्डर जोडाला लावायचं, टोकाला नव्हे. सोल्डर पसरलं की आधी सोल्डरची तार काढायची आणि मग आयर्न. चांगला जोड पायाकडे चढत गेलेल्या टेकडीसारखा दिसतो, उतार आत वळलेले. पॅडवर नुसता गोळा बसल्यासारखा दिसला तर तो धरलेला नाही, पुन्हा तापवा. ग्राउंडचे पॅड मोठ्या तांब्याला जोडलेले असतात, ते उष्णता ओढून घेतात, तिथे दोनऐवजी चार सेकंद लागतात.

भाग लावायचा क्रम

बुटक्यापासून उंचाकडे जायचं. आधी रेझिस्टर, मग डायोड, मग आयसीची सॉकेट, मग छोटे सिरॅमिक आणि फिल्म कपॅसिटर, मग रेग्युलेटर आणि शेवटी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. उंच भाग आधी लावले तर बोर्ड उलटा ठेवल्यावर बुटके भाग खाली गळून पडतात.

रेझिस्टर रंग वाचून लावू नका, मोजून लावा. पाच पट्ट्यांचा १ किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी, आणि १० किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी. घरातल्या एलईडी दिव्याखाली तपकिरी आणि लाल यांत मला फरकच दिसत नाही. प्रत्येक रेझिस्टर मीटरवर धरायला पाच सेकंद लागतात. चुकीचा लागला तर शोधायला अख्खा रविवार जातो. सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ असेल तर ०.१ मायक्रोफॅरड, १०३ असेल तर ०.०१.

डायोडची पट्टी बोर्डावरच्या पट्टीच्या बाजूला. इलेक्ट्रोलिटिकचा लांब पाय प्लसला, अंगावरचा फिकट पट्टा मायनसला. सॉकेटची खाच बोर्डावर छापलेल्या खाचेकडे. चिप बसवताना आपण ती खाच बघूनच बसवतो, म्हणून सॉकेट उलटं लागलं तर पुढे चिपही उलटी बसते.

रेग्युलेटरपाशी जरा जास्त थांबा. ७८०५ आणि एलएम ३१७ दिसायला सारखेच: तीन पाय, मागे पत्रा. पण छपाई समोर धरली तर ७८०५चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात, आणि ३१७चे अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. मागचा पत्राही ७८०५ मध्ये ग्राउंडला असतो आणि ३१७ मध्ये आउटपुटला. दोघांना एकाच हीटसिंकवर नुसतं स्क्रूने आवळलं तर ३१७चं आउटपुट ग्राउंडशी शॉर्ट होतं. वेगवेगळे हीटसिंक लावा, नाहीतर अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकची बुशिंग वापरा.

३१७ किती व्होल्ट देणार हे दोन रेझिस्टर ठरवतात. आउटपुट आणि अॅडजस्टमध्ये २२० ओहम, अॅडजस्ट आणि ग्राउंडमध्ये ६८० ओहम असतील तर १.२५ × (१ + ६८०/२२०), म्हणजे ५.१ व्होल्ट. तुमच्या किटमध्ये वेगळे रेझिस्टर असतील तर त्यांचा हिशोब असाच आधी कागदावर करून ठेवा. टीडीए १५४३ला ८ व्होल्टच्या वर नेऊ नका.

पहिली वीज: चिपशिवाय

मेनचं काम सुरू करण्याआधी हे वाचा. २३० व्होल्टचा प्रत्येक जोड स्लीव्हने झाका, उघडी तार कुठेही दिसता कामा नये. लाइव्ह वायरीत २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. प्लग काढल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. पहिल्यांदा करत असाल तर मेनच्या जोडणीपुरता तरी एखादा इलेक्ट्रिशियन शेजारी बसवा, यात कमीपणा नाही.

पहिली वीज सिरीजच्या बल्बमधून द्या. ४० वॅटचा साधा तारेचा बल्ब लाइव्हमध्ये सिरीजला. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढा आणि डायोड-कपॅसिटरची दिशा तपासा.

मग मीटर डीसीवर ठेवून रेग्युलेटरच्या आधी मोजा. नऊ व्होल्ट एसीचं शिखर १२.७, त्यातून दोन डायोडचे १.४ गेले की ११.३ उरतात. भार नसताना ट्रान्सफॉर्मर थोडा वर बसतो, म्हणून १२ ते १४ दिसेल. ७८०५च्या पुढे ४.८ ते ५.२ हवेत. ३१७च्या पुढे तुमच्या हिशोबाचा आकडा.

आता तेच व्होल्टेज रिकाम्या सॉकेटमध्ये मोजा. सीएस ८४१२च्या सॉकेटवर ७ आणि ८ या पायांमध्ये, तसंच २२ आणि २१ मध्ये, ५ व्होल्ट. टीडीए १५४३च्या सॉकेटवर ५ आणि ४ मध्ये ३१७चा आकडा. रेग्युलेटरवर बरोबर आणि सॉकेटवर शून्य असेल तर मधला एखादा जोड ड्राय आहे. दहा मिनिटं वीज चालू ठेवून पुन्हा मोजा. आकडा सरकता कामा नये.

रिसीव्हर

प्लग काढा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि फक्त सीएस ८४१२ बसवा. नव्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात, ते टेबलावर हलकेच दाबून सरळ करा, म्हणजे एकही पाय चिपखाली दुमडणार नाही.

सिग्नलसाठी घरातला जुना डीव्हीडी प्लेअर उत्तम. मागचं नारिंगी सॉकेट म्हणजे कोअॅक्शियल डिजिटल आउट. वायर ७५ ओहमची हवी. टीव्हीची पिवळी व्हिडिओ वायर चालते. प्लेअरच्या किंवा टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे नमुन्यांच्या साध्या आकड्यांवर, ठेवा. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी’वर असेल तर डॅकला ती भाषा कळत नाही आणि स्पीकरमधून नुसता खरखराट येतो.

बोर्डावर एररचा दिवा असेल तर सिग्नल नसताना तो पेटतो आणि पकड बसली की विझतो. काही किटांत उलट असतं. पण खरी खात्री सुरुवातीला सांगितलेल्या मोजणीने होते. टीडीए १५४३च्या रिकाम्या सॉकेटवर काळं टोक चार नंबरला, लाल दोन नंबरला, मीटर फ्रिक्वेन्सीवर. सीडी असेल तर ४४.१, टीव्हीवरून बहुधा ४८. मीटरला फ्रिक्वेन्सी नसेल तर डीसीवर ठेवा. सिग्नल अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली असतो, म्हणून सरासरी अडीच व्होल्टच्या आसपास दिसते. शून्य किंवा सलग पाच दिसले तर पुढे जाऊ नका.

डॅक आणि पहिला आवाज

वीज बंद, टीडीए १५४३ बसवा, वीज चालू. मिनिटभराने प्लग काढून बोटाने चिपला स्पर्श करा. कोमट चालेल, चटका बसला तर पुन्हा वीज देऊ नका. मग पुन्हा वीज देऊन ६ आणि ८ या पायांवर, ग्राउंडच्या तुलनेत, डीसी मोजा. दोन्हींवर दोन-तीन व्होल्ट असतात आणि ते जवळजवळ सारखे हवेत. एका बाजूला २.६ आणि दुसरीकडे ०.३ असेल तर त्या बाजूचा रेझिस्टर किंवा त्याचा जोड तपासा.

हा डीसी अॅम्प्लिफायरपर्यंत जाऊ नये म्हणून आउटपुटला कपॅसिटर असतो. तिथे २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर पुरतो. आउटपुट सॉकेटवर पुन्हा मोजा: चालू केल्यावर काही सेकंदांत डीसी शून्याजवळ यायला हवा. आला, की मगच अॅम्प्लिफायर जोडा. आधी जुना, साधा स्पीकर वापरा, व्हॉल्यूम अगदी खाली.

आवाज सीडी प्लेअरपेक्षा कमी वाटेल. चिप पूर्ण जोरात २.३ मिलिअँपिअर देते. रेझिस्टर ८२० ओहमचा असेल तर त्याचे शिखरापासून शिखरापर्यंत १.९ व्होल्ट होतात, म्हणजे सुमारे ०.६७ व्होल्ट आरएमएस. सीडी प्लेअर साधारण २ देतो. आवाज वाढवायला मोठा रेझिस्टर लावायचा मोह होतो, पण पाच व्होल्टच्या पुरवठ्यात चिपला तेवढी हलायला जागा नसते. मोठ्या आवाजाच्या जागा फाटतात. अॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम वाढवा.

कॅबिनेट

पत्र्याचं घ्या. मेनच्या हिरव्या वायरीचं अर्थिंग पत्र्याला स्क्रूने आवळा, आणि त्या जागेचा रंग खरवडून काढा, नाहीतर अर्थिंग फक्त दिसायला राहतं. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, आउटपुटची सॉकेट दुसऱ्या टोकाला. एसीच्या वायरी एकमेकींना पीळ घालून न्या. आउटपुटची सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेटेड असावीत आणि सिग्नलचा ग्राउंड पत्र्याला एकाच जागी जोडावा.

यानंतरही घरघर आली तर आधी बोर्डावर संशय घेऊ नका. माझ्याकडे सीडीवर शांतता होती आणि टीव्ही जोडला की घरघर. केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली की घरघर थांबायची. ग्राउंडचा फेरा, म्हणजे दोन ठिकाणी जोडलेल्या ग्राउंडमधून फिरणारा करंट, तिकडून येत होता. टीव्हीसाठी ऑप्टिकल वायर वापरली आणि प्रश्न मिटला, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून ग्राउंड जात नाही.

सगळं चालल्यावर महागडे कपॅसिटर लावायची घाई करू नका. महिनाभर ऐका. मी तेवढ्यात एकच बदल केला: डॅकच्या पुरवठ्याचा कपॅसिटर चिपच्या पायांच्या अगदी जवळ आणला.

आणि झाकण बंद करण्याआधी एक चिठ्ठी लिहा: रेग्युलेटरच्या आधीचा व्होल्टेज, नंतरचा, ६ आणि ८ नंबरच्या पायांवरचा डीसी, तारीख. ती झाकणाला आतून चिकटवा. माझ्या डब्यात लिहिलंय: १३.१, ५.०२, ५.०९, २.६१, २.५८. पुढे कधी एक बाजू बंद पडली, तर ते झाकण उघडणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.